सिनेमातून गाळलेलं ते प्रकरण

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे मला मनापासून आवडतात. पण २००३ च्या तिसऱ्या भागाचा शेवट मला आजही मान्य नाही. का ते आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या माणसाला लगेच समजेल.

सिनेमात फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन हे चार हॉबिट, म्हणजे बुटके लोक, जगावर सत्ता देणारी अंगठी नष्ट करायची मोहीम संपवून घरी परततात तेव्हा त्यांचा मुलूख शायर होता तसाच हिरवागार. चौघं गुत्त्यात निवांत बिअर पितात. टॉल्किनच्या मूळ कादंबरीत गाव गुंडांनी लुटलेलं असतं. झाडं तोडलेली, जुनी गिरणी पाडून मोठी उभारलेली, तिची घाण पाण्यात. सॅमचा म्हातारा बाप राहायचा ती अख्खी ओळ खणून तिथं वाळू-मुरमाची खाण केलेली. फ्रोडोला सांभाळणाऱ्या बिल्बोचा वाढदिवस ज्याच्याखाली झाला होता ते झाड आडवं पडलेलं बघून सॅम रडतो.

ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खुल्या कोळसा खाणी होत्या. वावराला लागून मातीचे डोंगर, पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडांवर काळी धूळ, आणि कापूस मळका म्हणून व्यापाऱ्यानं पाडलेला भाव. इंग्लंडातल्या माणसाला हे कसं कळलं? टॉल्किननं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय: त्याचं बालपण गेलं तो मुलूख तो दहा वर्षांचा व्हायच्या आतच उद्ध्वस्त होत होता.

आणि कादंबरीतलं पुढचं तर फारच मोठं आहे. त्यांच्यासोबतचा जादूगार गँडाल्फ वाटेतच निरोप घेतो, तुमचं तुम्ही निस्तरा म्हणतो. मेरी शिंग फुंकतो, शेतकरी कुऱ्हाडी-काठ्या घेऊन बाहेर पडतात. बायवॉटर गावात गुंडांशी झालेल्या लढाईत १९ हॉबिट मरतात आणि त्यांच्या नावांची यादी पुढं शायरचे इतिहासकार तोंडपाठ करतात. एवढा प्रवास करून ही चार पोरं काय शिकली, ते इथं दिसतं. हेच काढून टाकलं.

काटछाट करावीच लागते, मान्य. जंगलाकडेला राहणारा टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळलं, माझी तक्रार नाही. मोहिमेच्या वाटेत भेटणारा सरदार फॅरामिर मात्र सिनेमात फ्रोडोला अंगठीसकट ओढत नेतो. कादंबरीतला फॅरामिर ती अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असं म्हणणारा माणूस आहे. तो बदल मला टोचतोच.

वेळ नव्हता, हे कारण तर सांगूच नका. त्याच दिग्दर्शकानं, पीटर जॅक्सननं, पुढं टॉल्किनच्याच 'द हॉबिट' या एका लहान पुस्तकाचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन सिनेमे केले. पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची योद्धी आणली, तिचं प्रेमप्रकरण रंगवलं. त्याला जागा मिळाली, आणि गाव परत मिळवणाऱ्या शेतकऱ्यांना नाही?

ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांनी कादंबरीच्या तिसऱ्या भागात येणाऱ्या सहाव्या 'बुक'मधलं आठवं प्रकरण, 'द स्कोअरिंग ऑफ द शायर', तेवढं वाचा. खाणपट्ट्यातल्या पोरांनी तर आधी वाचा, आणि कसं वाटलं ते इथं लिहा.