आतेचा रिपोर्ट

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

सकाळी मासे आणायला निघालो तर देवळाच्या सभामंडपात ही गर्दी. म्हटलं पालखीचा काही विषय आहे काय, तर नाही, कुठल्याशा लॅबचा कॅम्प. ‘इम्युनिटी चेकअप, फक्त १२०० रुपये, कोरोना अँटिबॉडीसह.’ एक पोरगा ॲप्रन घालून खुर्चीत आणि समोर वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या, हातात आधार कार्ड घेऊन. आणि त्यात चौथ्या नंबरवर आमची आते! वय ८१. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर लावलेलं, आणि पैसे ब्लाउजमधल्या बटव्यात.

मी का एवढा तापलो ते माझ्या घरच्यांनाच माहीत आहे.

२०२१ साली आतेने कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतले. दुसऱ्या डोसनंतर महिनाभराने कुणीतरी शहाण्याने सांगितलं की अँटिबॉडी चेक करून घ्या, म्हणजे लस ‘लागली’ की नाही ते कळतं. रिपोर्ट आला नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे अँटिबॉडी सापडल्या नाहीत. झालं. त्या दिवसापासून आते माजघराच्या बाहेर येईना. गणपतीत सगळं घर आरतीला उभं आणि ही मागल्या दारी पाटावर बसून टाळ्या वाजवतेय. प्रसादाची वाटी उंबऱ्यावर ठेवायची, मी लांब झालो की मग उचलायची. म्हणायची, “माझ्या अंगात काय्येक उराक नाय.” तोंडात दुसरा विषय नाही.

एका कागदाने ही अवस्था केली हो. आणि त्या कागदात जे मोजलं होतं ते अर्धंसुद्धा नव्हतं.

अँटिबॉडी म्हणजे वईवरचे, कुंपणावरचे काटे. विषाणू पेशीत शिरण्याआधी अडवतात, उत्तम काम आहे, पण काही महिन्यांत कमी होणं हा त्यांचा स्वभावच आहे, रोज उठून कोण एवढे काटे रचत बसणार. वई ओलांडून आत शिरला की पुढचं काम टी-पेशींचं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे शिकून तयार होतात म्हणून टी. त्यातल्या काही विषाणू शिरलेली पेशीच मारून टाकतात, काही बाकीच्यांना कामाला लावतात, आणि लढाई संपली की थोड्या मागे राहतात, आठवण धरून. वर्षानुवर्षं. ही आठवण त्या १२०० रुपयांच्या नळीत दिसत नाही, त्यासाठी जिवंत पेशी लागतात, मोठी लॅब लागते. सभामंडपात टेबल टाकून होणारं काम नाही ते.

२००३ ला सार्स आला होता, आठवतंय? या कोरोनाचाच चुलत भाऊ. त्यातून वाचलेल्या २३ जणांचं रक्त सिंगापूरच्या संशोधकांनी १७ वर्षांनी तपासलं. सार्सच्या अँटिबॉडी बहुतेकांच्या दोन-तीन वर्षांत ओसरतात, पण टी-पेशी होत्या, आणि नव्या कोरोनाचे तुकडेसुद्धा ओळखत होत्या. १७ वर्षांनी! आणि ज्यांच्या अंगात जन्मापासून अँटिबॉडी तयारच होत नाहीत असे काही पेशंटही कोरोनातून उठून घरी गेलेत. मग ते काय हवेवर जगले?

आमच्या आतेचंच बघा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्याने जेमतेम दिसतं. पण मे महिन्यात मुंबईहून कुणाचा पोरगा वीस वर्षांनी आला, गॉगल, दाढी, कानात ते पांढरं बोंडुक, तरी पाणंदीतून येताना लांबूनच ही खळ्यातून ओरडते, “तू भिकाजीचो नातू मा रे? चाल तीच!” टी-पेशींचंही असंच. अँटिबॉडी बघतात बाहेरचं रूप, म्हणजे तो काटेरी स्पाइक, आणि ओमायक्रॉनने नेमकं तेच बदललं, म्हणून लस घेतलेल्यांनाही धडाधड लागण झाली. टी-पेशी मात्र विषाणूच्या प्रोटीनचे बारीक तुकडे ओळखतात आणि त्यातले बहुतेक तुकडे जसेच्या तसे होते. कपडे बदलले, चाल तीच.

२०२२ च्या जानेवारीत आतेलाही झालाच. तीन दिवस ताप, घसा, अंगदुखी. आम्ही ऑक्सिमीटर घेऊन रात्रभर दारात. पाचव्या दिवशी बघतो तर ही खळ्यात सुपाऱ्या सोलत बसलेली आणि वर मलाच विचारते, “गेला काय ता?”

हो, माहीत आहे. ओमायक्रॉन मुळात सौम्य होता, एका म्हातारीवरून काही सिद्ध होत नाही, आणि वयाबरोबर थायमस सुकतो तशी टी-पेशींची ताकदही कमी होते. मान्य. डेल्टाच्या लाटेत आमच्या शाळेचे मास्तर गेले, तौक्ते वादळाने लाइट घालवल्या त्याच आठवड्यात, त्यामुळे ‘आपल्या कोकणी माणसाला काय होत नाय, पेज खाऊन वाढलोय’ म्हणणाऱ्यांनी कमेंटमध्ये येऊ नका. टी-पेशींना आठवण द्यायला आधी लस लागते नाहीतर आजार लागतो, आणि आजाराची फी मास्तरांनी भरली.

पण घाबरवायचा धंदा करू नका ना. म्हाताऱ्या माणसाला नंबर छापलेला कागद दिला की तो कागद त्याला देवाचा कौल वाटतो.

आणि आता खरं लिहूनच टाकतो, एवढं टाइप केलंय तर. तो २०२१ चा रिपोर्ट मीच काढायला लावला होता. कुणीतरी शहाणा वगैरे वर लिहिलंय तो मीच. मीच गाडीवर बसवून तालुक्याला नेलं, मीच पैसे भरले, आणि मीच घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवला. तिने विचारलं ‘म्हणजे काय रे’ तर मी म्हटलं, म्हणजे नाही लागली लस. दोन वाक्यं. चार महिने ती माजघरात.

तर आज मी रांगेत शिरून तिला हे सगळं सांगायला गेलो, टी-पेशी, सिंगापूर, सगळं. मागच्या बायका हसायला लागल्या. आतेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पैशे भरलंय मी. रगात दिल्याशिवाय जावचंय नाय.”

दिलंन. वर बिस्किटाचा पुडा फुकट मिळाला म्हणून खूश.

रिपोर्ट बुधवारी मोबाइलवर येणार आहे. फॉर्मवर नंबर मी माझा टाकलाय.