रुंगे ‘किरकोळ’ होते? एका प्रतिक्रियेला उत्तर

जर्मनीचे जुने धावपटू आणि फुटबॉलपटू योहानेस रुंगे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलं आहे: ‘ऑलिंपिकमध्ये पाचवा आलेला, देशाकडून फुटबॉल न खेळलेला माणूस. धड धावपटू नाही, धड फुटबॉलपटू नाही. असल्या किरकोळ माणसावर लिहायला तुम्हाला वेळ बरा मिळतो! आपल्याकडचे खेळाडू संपले का? आणि परिच्छेद केवढाले!’

परिच्छेद लांब झालेत, हे मान्य. पुढच्या वेळी तोडून लिहीन.

पण हा सूर कशासाठी? लेख आवडला नाही एवढंच आपण लिहिलं असतं, तर मी आभार मानून गप्प बसलो असतो. रात्री जागून, जुनी माहिती ताडून पाहून कोणी लिहितं, तेव्हा त्याच्या वेळेचा हिशेब विचारायचा अधिकार वाचकाला कोणी दिला? मतभेद सांगायला इतका तुच्छपणा लागत नाही. गेली अनेक वर्षं मी इथे लिहितोय, टीकाही भरपूर ऐकली आहे. ही टीका नव्हे.

आता ‘पाचवा’. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये 800 मीटरला प्राथमिक फेऱ्या नव्हत्या. सगळे एकदम अंतिम शर्यतीत. ट्रॅक एक तृतीयांश मैलाचा, म्हणजे साधारण दीड फेरी. त्याआधी रुंगे 880 यार्डांची हँडिकॅप शर्यत (ज्यात कमी वेगाच्या धावपटूंना सुरुवातीलाच थोडी आघाडी देतात) धावले होते आणि जिंकलेही होते. 880 यार्ड म्हणजे 800 मीटरपेक्षा थोडं जास्तच. एवढं अंतर जीव तोडून धावलेला माणूस पुन्हा तेवढंच धावायला उभा राहतो, तेही अमेरिकेच्या जेम्स लाइटबॉडीसमोर. लाइटबॉडी त्या ऑलिंपिकमध्ये 800 मीटर, 1500 मीटर आणि स्टीपलचेस (अडथळे ओलांडत धावायची शर्यत), तिन्ही जिंकला. अशा शर्यतीत पाचवा!

मी स्वतः कॉलेजात 800 मीटर धावायचो. शेवटच्या दीडशे मीटरला मांड्या पेटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, शर्यत संपल्यावर उभं राहवत नाही. त्या अवस्थेतून सावरून लगेच दुसऱ्यांदा धावणं काय असतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. तुम्ही कधी धावला आहात? नसाल, तर किमान अंतिम निकालाच्या तक्त्यातला एक आकडा वाचून माणसाची किंमत ठरवू नका. रुंगे 1500 मीटरलाही पाचवेच आले. युरोपातून अटलांटिक ओलांडून जाणं न जमल्याने कितीतरी चांगले धावपटू तिकडे फिरकलेही नव्हते. हे गेले, धावले.

देशाकडून खेळले नाहीत म्हणता. जर्मनीचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना 5 एप्रिल 1908 ला बाझलमध्ये झाला, स्वित्झर्लंडकडून 5-3 ने हरले. रुंगे यांचा जन्म 1878 चा. ते तिशीला आले तेव्हा कुठे देशाचा संघ मैदानात उतरला. त्यांच्या ऐन उमेदीत जो संघच नव्हता, त्यातून ते खेळणार कसे?

आणि ‘धड हे नाही, धड ते नाही’ हे तर आजच्या डोळ्यांनी पाहणं झालं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात कोनराड कोख या शिक्षकाने 1874 मध्ये विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळायला लावला. तिथला आइनट्राख्ट क्लब 1895 मध्ये निघाला तो फुटबॉल आणि क्रिकेट क्लब म्हणून. त्या काळी खेळाडू म्हणजे सगळं खेळणारा. जी पोरं फुटबॉल खेळायची, तीच धावायचीही. रुंगे तिथेच घडले.

आपल्याकडच्या खेळाडूंवर मी कितीदा तरी लिहिलंय, ब्लॉग चाळा. तरी एक विचारतो. 1952 च्या कांस्यपदकाआधी, 1948 ला लंडनमध्ये खाशाबा जाधव सहावे आले होते. तेव्हा त्यांच्यावर कोणी लिहिलं असतं, तर त्यालाही तुम्ही ‘वेळ बरा मिळतो’ म्हणाला असता का?

रुंगे यांच्यावरचा दुसरा भाग जवळपास लिहून झालाय. तो येईलच.