पट काढायला गेला की पडला?

अहिल्यानगरची ती कुस्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. आमच्या तालमीतल्या जुन्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती अजून सुटलेली नाही.

महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची (मातीवर नव्हे, मॅटवर खेळायच्या कुस्तीची) शेवटची लढत होती, पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचं जाहीर केलं आणि राक्षे म्हणाला, माझी पाठ टेकलीच नाही. मग पंचांची कॉलर, लाथ, पोलीस आणि शेवटी तीन वर्षांचं निलंबन. ग्रुपवर तेव्हापासून दोन तट आहेत. एक म्हणतो, वर्षभर रक्त आटवून पोरगं तिथवर पोचतं, त्याच्यावर अन्याय झाला तर ते लाथ मारणार नाही तर काय आरती ओवाळणार? दुसरा म्हणतो, पंचाच्या अंगावर हात टाकणाऱ्याची लंगोट कायमची काढून घ्या. मी मध्ये काही लिहिलं की दोन्ही तटांचं लगेच एकमत होतं: 'तू जपानात बसून शहाणपणा शिकवू नकोस.'

शिकवत नाही. पण मी गेली अकरा वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहतो, आणि इथल्या एका पैलवानाची एक रात्र मला त्या कुस्तीनंतर सारखी आठवते.

काझुशी साकुराबा. जन्म १९६९, उत्तरेकडच्या अकिता प्रांतातला. ऑफिसातले माझे एक वरिष्ठ त्याच भागातले. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही, पण साकुराबाचं नाव काढलं की दुसऱ्या पेल्यानंतर ते उठून त्याच्यासारखे दोन्ही हातांचे फटके हवेत मारून दाखवतात. साकुराबा चुओ विद्यापीठात रीतसर कुस्ती खेळला आणि १९९३ मध्ये व्यावसायिक प्रो-रेसलिंगमध्ये शिरला. आपल्याकडच्या भाषेत स्पष्ट सांगायचं तर नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, डाव मात्र खरे आणि अंग तर खरं ठणकणारंच. कोल्हापुरात नुरा म्हटलं की माणूस थुंकतो. जपानात मात्र या धंद्याला लाखोंचा प्रेक्षक होता आणि त्यातले बरेच जण मनापासून मानत होते की आमचे हे वीर खऱ्या लढतीतही कुणाला ऐकणार नाहीत.

हा भरवसा ११ ऑक्टोबर १९९७ ला टोकियो डोममध्ये मोडला. साकुराबाचा वस्ताद म्हणावा असा नोबुहिको ताकादा ब्राझीलच्या नामांकित लढवय्या ग्रेसी घराण्यातल्या रिक्सन ग्रेसीपुढे पाच मिनिटंही टिकला नाही. सगळ्या पेशाचं नाक कापलं गेलं. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, २१ डिसेंबरला, अमेरिकेची यूएफसी (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या खऱ्या लढती भरवणारी संघटना) पहिल्यांदाच जपानात आली, योकोहामाला. साकुराबा त्यात बदली म्हणून उतरला, आणि तेही जड वजनाच्या गटाच्या स्पर्धेत. समोर मार्कुस सिल्व्हेरा, ग्रेसींच्याच जिउजित्सूत, म्हणजे जमिनीवर पकडी आणि पिरगाळ्यांनी लढायच्या विद्येत, मुरलेला आणि वजनाने याच्याहून कितीतरी भारी.

दोन मिनिटंही झाली नव्हती. सिल्व्हेराने ठोशांची सरबत्ती लावली, साकुराबाने डोकं झाकलं आणि झटकन खाली गेला. पंच जॉन मॅकार्थी यांना वाटलं, गडी बेशुद्ध पडला. त्यांनी लढत थांबवली आणि सिल्व्हेराला विजयी केलं. प्रत्यक्षात साकुराबा एकेरी पट काढायला, म्हणजे खाली झुकून समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला गेला होता. तालमीत चार महिने घालवलेल्या पोरालाही ते कळलं असतं, पण मॅकार्थींची नजर ठोसेबाजीची होती. खाली जाणं म्हणजे हल्ला, ही कुस्तीच्या व्याकरणातली पहिली ओळ त्यांना त्या क्षणी वाचता आली नाही.

मग साकुराबाने काय केलं? तो आखाड्यातून उतरेनाच. त्याने पंचाला हात लावला नाही, पण हललाही नाही. माझं काही झालेलं नाही, मी शुद्धीवर आहे, मी जाणार नाही. प्रेक्षकही तापले होते. आयोजकांनी चित्रफीत परत पाहिली. चूक उघड होती. निकाल रद्द झाला. योगायोग असा की दुसऱ्या बाजूने अंतिम फेरीत आलेल्या टँक अॅबटचा हात दुखावला होता आणि तो बाहेर पडला. म्हणून त्याच रात्री साकुराबा आणि सिल्व्हेरा पुन्हा समोरासमोर आले. या वेळी साकुराबाने त्याचा हात धरून असा ताणला की सिल्व्हेराला हार मानावी लागली. नंतर साकुराबा एवढंच म्हणाला की प्रो-रेसलर खरं तर बलवान असतात. नुरा कुस्तीवाल्याने भर आखाड्यात दिलेलं ते उत्तर माझे वरिष्ठ आजही डोळे पुसत सांगतात. (ते पाणी साके या दारूमुळेही येत असेल.)

ग्रुपवर मी हे सगळं एकदा लिहिलं. लगेच उत्तर आलं: 'बघा, जपानी किती शिस्तीचे! आपली माणसं कधी सुधारणार?' आणि इथेच मला माझ्या बाजूने बोलणाऱ्यांचाच राग येतो. शिस्त कसली? साकुराबा तिथे हट्ट करून, सगळा कार्यक्रम अडवून बसला होता. फरक इतकाच होता की त्याच्या हट्टाला जाण्यासाठी एक वाट होती. कुणीतरी चित्रफीत बघायला तयार होतं, 'पुन्हा लढा' असं म्हणायची सोय होती, आणि असं म्हणण्यात कुणाचं नाक कापलं जात नव्हतं.

ही सोय जपानला अमेरिकेने दिलेली नाही. इथे संध्याकाळी कोपऱ्यावरच्या खाणावळीत टीव्हीवर सुमो चालू असतं, तेव्हा ती सहज दिसते. पंचाने निकाल दिला आणि शंका आली की रिंगणाभोवती बसलेले काळ्या किमोनोतले परीक्षक उठून वर येतात, घोळका करून बोलतात. याला मोनोइई म्हणतात. मग त्यांच्यातला प्रमुख माइक हातात घेऊन सगळ्या सभागृहाला सांगतो की पंचाने अमुक निकाल दिला होता, आम्हाला शंका आली, आमचं मत असं झालं. कधी निकाल उलटतो, कधी तोरिनाओशी, म्हणजे कुस्ती पुन्हा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवता जेवता थांबलो होतो. पंचाची चूक हजारो लोकांसमोर माइकवरून, शांत आवाजात सांगितली जाते आणि कुणी खुर्च्या फेकत नाही. सर्वोच्च दर्जाचा पंच कमरेला कट्यार लावून उभा असतो. निकाल चुकला तर पोट फाडून घेईन, याची ती जुनी खूण. पोट आता कुणी फाडत नाही, पण त्या पदावरच्या पंचाचा निकाल फिरवला गेला की तो संघटनेच्या अध्यक्षांकडे जाऊन 'मी पद सोडू का?' असं रीतसर विचारतो.

तिथेही चुका होतातच. १९६९ च्या मार्चमध्ये योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च दर्जाचा पैलवान, ताइहो सलग ४५ कुस्त्या जिंकून उभा होता. पंचाने त्याला विजयी केलं, पण परीक्षकांनी निकाल फिरवला आणि ती मालिका संपली. नंतर छायाचित्रांत दिसलं की समोरच्या तोदाचाच पाय आधी बाहेर गेला होता. म्हणजे चूक सुधारायला बसलेल्यांनीच चूक केली. ताइहोने तक्रार केली नाही. शंकेला जागा राहील अशी कुस्ती केली हा माझाच दोष, असा त्याचा सूर होता. हा सूर आपल्या पोरांनी शिकावा असं मी मुळीच म्हणणार नाही. पैलवानाने गिळावं आणि सगळ्यांनी त्याच्या मोठेपणाच्या टाळ्या वाजवाव्यात, हेही एक प्रकारचं लबाड न्यायदान आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: दोन महिन्यांनी, मे महिन्याच्या स्पर्धेपासून, सुमोत चित्रफितीचा आधार घ्यायला सुरुवात झाली.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीतल्या सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या उपांत्य कुस्तीत 'बाहेरची टांग' या डावाला दिलेल्या चार गुणांवरून महिनाभर रान पेटलं होतं. तेव्हा आपण काय बदललं? सिकंदरने त्याच वर्षी पुढची गदा जिंकली, लोक म्हणाले 'देवाने न्याय केला', आणि विषय मिटला. देवावर सोपवलं की पंचांची चूक कोण बघणार!

आता उलट बाजू, कारण मला साकुराबाची पोथी वाचायची नाही.

योकोहामानंतर तो प्राइड या जपानी संघटनेच्या आखाड्यात आला आणि ग्रेसी घराण्याच्या मागे लागला. नोव्हेंबर १९९९ मध्ये रॉयलर ग्रेसीचा हात त्याने पाठीमागे पिरगाळून धरला. रॉयलर हार मानेना. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता आणि पंचाने लढत थांबवून साकुराबाला विजय दिला. आमच्या माणसाने हार मानली नव्हती, असं म्हणत ग्रेसी खवळले. या वेळी पंचाचा हात साकुराबाच्या बाजूने पडला होता, आणि तो काही निकाल परत करायला गेला नाही. कुणीच जात नाही.

त्यातून जे पुढे आलं ते आपल्या माणसाला लगेच उमजेल. रॉयस ग्रेसी लढायला तयार झाला तो अटी घालून: पंचाने मध्ये थांबवायचं नाही, गुण नाहीत, पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या लागतील तितक्या. म्हणजे शुद्ध कोल्हापुरी निकाली कुस्ती! १ मे २०००, टोकियो डोम. साकुराबा स्वतः मुखवटा घालून आणि तसाच मुखवटा घातलेल्या दोघांना बरोबर घेऊन आला, यातला खरा कोण ते ओळखा. त्यानंतर नव्वद मिनिटं. सहाव्या फेरीनंतर रॉयसला पायावर उभं राहवत नव्हतं आणि त्याचा भाऊ रोरियन याने टॉवेल टाकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मानली. १९५१ मध्ये रिओत त्यांचा बाप एलिओ जपानच्या मासाहिको किमुराकडून हात मोडून घेत होता, तेव्हाही त्याने हार मानली नव्हती. टॉवेल त्याच्या भावाने टाकला होता. साकुराबा ज्या डावाने ग्रेसींचे हात पिरगाळायचा, त्याला जगभर किमुराच म्हणतात. ऑगस्टमध्ये त्याच डावाने रेंझो ग्रेसीचा कोपर निखळला. डिसेंबरमध्ये रायनलाही त्याने हरवलं. एका घराण्याचे चार जण.

पण त्या मे महिन्याच्या रात्री नव्वद मिनिटांनंतर साकुराबाला आणखी एक लढत खेळायला लावली, इगोर व्होव्हचान्चिनशी. ठोशांच्या धक्क्याने माणसं उताणी पाडणारा तो युक्रेनचा पहाड. पंधरा मिनिटं तो लढला, मग त्याच्याच कोपऱ्यातून, म्हणजे त्याच्या साथीदारांकडून, टॉवेल आला. लोक हे शौर्य म्हणून सांगतात. मला तो स्पर्धेच्या वेळापत्रकाचा निर्दयपणा वाटतो.

आणि तो निर्दयपणा तिथेच थांबला नाही. वांदरलेई सिल्व्हापुढे त्याला तीनदा उभं केलं गेलं, तिन्ही वेळा तो हरला, वजनात आणि ताकदीत जमतच नव्हतं. मिर्को क्रोकॉपने त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये स्मिर्नोव्हासने त्याला रिंगच्या दोऱ्यांपर्यंत ठोकत नेलं, तो जवळपास शुद्धीबाहेर होता, आणि पंचाने लढत थांबवली नाही. साकुराबाने त्यातून उठून ती जिंकली, म्हणून त्या पंचाचं पाप झाकलं गेलं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ओसाकात अकियामा योशिहिरोशी लढताना तो ओरडत राहिला की याचं अंग निसरडं आहे, पकड बसत नाही. ऐकलं कुणी नाही. मार खाऊन झाल्यावर चौकशी झाली, अंगाला क्रीम लावल्याचं सिद्ध झालं, जानेवारीत निकाल रद्द झाला. २०१० च्या शेवटच्या रात्री त्याचा कान फाटला. तिकिटं त्याच्या नावावर खपत होती, म्हणून त्याला 'आता पुरे' म्हणणारा कुणी नव्हता. या देशात चुकीचा निकाल उलटवायला माइक असतो, पण थकलेल्या पैलवानाला थांबवायला तोच माइक बंद असतो.

२९ डिसेंबर २०१५ ला सैतामात, शेहेचाळिसाव्या वर्षी, त्याला तरुण शिन्या आओकीपुढे ठेवलं. पहिल्याच फेरीत तो खाली पडून मार खात होता आणि त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला. माझे वरिष्ठ म्हणतात, त्या रात्री पराभवापेक्षा सुटकाच जास्त वाटली. दोन वर्षांनी यूएफसीने त्याला आपल्या सन्मान-दालनात घेतलं. यूएफसीत तो आयुष्यात एकच रात्र लढला होता, तीच योकोहामाची.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा कोल्हापूरच्या काकांना ही सगळी चित्रं मोबाईलवर दाखवली. काका सत्तरीचे, खासबागेत तरुणपणी कुस्त्या केलेले, कान मोडलेले. योकोहामाचा तो तुकडा एकदाच पाहिला.

"पट काढाय गेलाय. पडला न्हाई. आंधळ्याला बी दिसतंय."

मग रॉयसची लढत. काकूंनी दोनदा चहा आणला, काका मान वर करेनात. मी मधल्या फेऱ्या पुढे ढकलत होतो तर हातावर चापट बसली. शेवटी टॉवेल उडताना दिसला.

"कुणी टाकला?"

"भावानं."

"धाकट्या?"

"नाही काका, थोरल्या."

काका मोबाईल उलटा ठेवून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "थोरल्याचंच काम असतंय ते," आणि काकूंना हाक मारून जेवायला वाढायला सांगितलं.