मृत्यूनंतरचं प्रोकॅल्सिटोनिन हॉस्पिटलची चूक सिद्ध करत नाही

घोडबंदरपासून नेरुळपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "हॉस्पिटलमध्ये माणूस दगावला तर प्रेताच्या रक्ताची प्रोकॅल्सिटोनिन टेस्ट मागा. आकडा २ च्या वर आला की सेप्सिस सिद्ध, म्हणजेच हॉस्पिटलची चूक सिद्ध. नॉर्मल आला तर सेप्सिस नव्हताच. रक्त कुठूनही, कधीही घेतलेलं चालतं."

यातलं खरं आधी सांगते. सेप्सिस म्हणजे संसर्गापायी अवयव निकामी होऊ लागणं. प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातलं एक प्रथिन; निरोगी रक्तात ते ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षाही कमी असतं, आणि जंतुसंसर्ग अंगभर पसरला की शेकडो पटींनी वाढतं, हे १९९३ पासून माहीत आहे. मृत्यूनंतर ते नव्याने बनत नाही, पण असलेलं एकदम नाहीसंही होत नाही, हळूहळू घटतं. म्हणून न्यायवैद्यक तज्ज्ञ ते तपासतात. याउलट आयसीयूत सेप्सिससाठी वारंवार बघतात ते लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) मेल्यावर सगळ्यांच्याच रक्तात चढतं. प्रेताच्या तपासणीत त्याचा उपयोग शून्य.

आता "२ च्या वर म्हणजे सेप्सिस". गंभीर भाजणं, मोठा अपघात, मोठं ऑपरेशन, किडनी निकामी होणं, पावसाळ्यातला फाल्सिपेरम मलेरिया, या सगळ्यांत हा आकडा जिवंतपणीच वाढू शकतो. उष्माघातातही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हाने माणसं गेली; तशा मृत्यूत कुणी हाच एक आकडा धरून बसलं, तर उन्हाचा बळी संसर्गाच्या खात्यात जमा व्हायचा.

"नॉर्मल म्हणजे नव्हताच" हेही टिकत नाही. आकडा चढायला काही तास लागतात, झपाट्याने गेलेल्या रुग्णात तेवढा वेळच मिळत नाही. विषाणू किंवा बुरशीमुळे झालेल्या सेप्सिसमध्ये तो फारसा हलेलच असं नाही. शिवाय देह शवागारात किती वेळ होता, हे विचारल्याशिवाय कमी आकड्याला अर्थ नाही.

रक्त कुठूनही चालत नाही. हृदयातल्या रक्तात आजूबाजूच्या अवयवांतून पदार्थ झिरपतात, म्हणून मांडीच्या शिरेतलं घेतात. तेही बऱ्याचदा फुटलेल्या पेशींनी लालभडक झालेलं असतं, आणि लॅबची मशीन जिवंत माणसाच्या स्वच्छ सिरमसाठी बनवलेली. कल्चरचीही, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचीही, तीच अडचण: मृत्यूनंतर आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, त्यामुळे नुसते जंतू सापडले म्हणून सेप्सिस ठरत नाही.

२०१६ च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. ते प्रेतावर मोजता येत नाही. संसर्गाचं मूळ कुठे होतं, फुप्फुस आणि प्लीहा सूक्ष्मदर्शकाखाली काय दाखवतात, केस पेपरवर बीपी आणि लघवीचं प्रमाण कसं उतरत गेलं, यांच्या जोडीला तो आकडा बसला तर त्याला वजन येतं.

सगळ्यात मोठी उडी शेवटची आहे: सेप्सिस म्हणजे हॉस्पिटलची चूक. मधुमेही माणसाच्या पायाची जखम, घरी अंगावर काढलेला न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग घेऊन कितीतरी रुग्ण दाखल होतात तेव्हाच सेप्सिसमध्ये असतात. संसर्ग घरी झाला की वॉर्डात, आणि उपचाराला उशीर कुणी केला, हे प्रोकॅल्सिटोनिन सांगू शकत नाही. (आणि "व्हिसेरा ठेवलाय ना, मग कळेलच" म्हणणाऱ्यांसाठी: रासायनिक तपासणीला जातो तो व्हिसेरा, म्हणजे पोस्टमॉर्टेममध्ये काढलेले अवयवांचे तुकडे, मिठाच्या दाट पाण्यात असतो, विष शोधण्यासाठी. सेप्सिसचं उत्तर त्यातून यायचं नाही.)

शंका असेल तर पोलिसांना पंचनाम्याच्या वेळीच सांगा आणि पोस्टमॉर्टेमचा आग्रह धरा. सूक्ष्मदर्शकासाठी अवयवांचे तुकडे फॉर्मलिनमध्ये ठेवा, अशी विनंती लेखी द्या. हॉस्पिटलकडे केस पेपर, जिवंतपणी घेतलेले ब्लड कल्चर आणि प्रोकॅल्सिटोनिनचे रिपोर्ट तारीख-वेळेसकट मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.