गॅस महागलाय? मग बोलायला शिका

न्यू जर्सीत नवीन आलात, घर मिळालं, गाडी घेतलीत, मराठी मंडळाची वर्गणीही भरलीत. छान. आता फक्त गॅसच्या भावावर बोलायला शिका. ते येत नसेल तर पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ घेऊन यायच्या जेवणाला, तुमच्या भरल्या वांग्यांकडे कोणी ढुंकून बघणार नाही.

इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. ‘गॅस भरायला थांबलोय’ असं फोनवर सांगितलंत की पुण्याहून आई विचारणार, ‘अरे, दुसरा सिलिंडर नव्हता का भरलेला?’ समजावायच्या फंदात पडू नका. मी वीस वर्षं समजावतोय.

पंपावर गाडीतून उतरायचं नाही. या राज्यात स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून बंदी आहे. काच चार बोटं खाली करायची, कार्ड बाहेर सरकवायचं आणि फलकाकडे बघून उसासा टाकायचा. भावाच्या शेवटी मुंगीएवढा एक ९ दिसेल, तो सेंटचा नऊ दशांश. बाटाच्या किमती वाचत मोठे झालेल्यांना त्याचं काही वाटत नाही म्हणा. उसासा मात्र पंपवाल्याला ऐकू गेला पाहिजे.

मग पक्ष निवडा. मत देता येत नसलं तरी मत असावं लागतं. नियम सोपा आहे: भाव वाढला की समोरच्यांच्या राष्ट्राध्यक्षाने वाढवला आणि उतरला की आपल्याने उतरवला. आपल्याच्या कारकिर्दीत वाढला तर? तर जागतिक बाजारपेठ. हे दोन शब्द जिभेवर तयार ठेवा. जून २०२२ मध्ये देशभराची सरासरी गॅलनला पाच डॉलरच्या वर गेली, तेव्हा पंपापंपावर बायडेनचं स्टिकर चिकटलेलं होतं. भावाकडे बोट दाखवून तो म्हणतोय, ‘हे मी केलं.’ चिकटवणाऱ्यांना त्या दिवसांत युक्रेनचं युद्ध दिसत नव्हतं, तुम्हालाही दिसायला नको.

रिपब्लिकन व्हायचं ठरवलंत तर पाठांतर कमी आहे. ‘ड्रिल, बेबी, ड्रिल.’ म्हणजे तेलासाठी खणत राहा. संपलं. २००८ च्या पक्षाच्या अधिवेशनात रिपब्लिकन नेते मायकेल स्टील यांनी ही घोषणा दिली, तेव्हापासून ती जुनी झालेली नाही. आपल्या शाळेत पीटीच्या तासाला ड्रिल असायची, आठवतंय? एका जागी उभं राहून हात वर, हात खाली, आणि अर्ध्या तासाने जिथे होतो तिथेच. तीच ही.

त्या वर्षी जुलैत भाव ४ डॉलर ११ सेंटवर पोचला होता. १४ जुलैला बुशसाहेबांनी समुद्रातल्या उत्खननावरची आपल्या अखत्यारीतली बंदी उठवली आणि डिसेंबरअखेर भाव १ डॉलर ६० सेंटच्या आसपास! नव्याने मोकळ्या झालेल्या पाण्यात तोवर एकही विहीर खोदलेली नव्हती. मधल्या काळात जगाची अर्थव्यवस्था कोसळली असं कोणी म्हणालं तर सांगा, ते योगायोगाने. तेल नुसतं घाबरून स्वस्त झालं.

अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्यात तेल खणायचा विषय निघणारच. सरकारच्याच ऊर्जा माहिती विभागाने २००८ मध्ये हिशेब मांडला होता: परवानगी दिल्यावर तेल यायला दहाएक वर्षं, आणि २०२५ मध्ये पिंपामागे फरक सुमारे ७५ सेंटचा. पिंपात ४२ गॅलन. म्हणजे गॅलनला दोन सेंटसुद्धा नाहीत. हा आकडा पॉटलकला काढू नका, रंगाचा बेरंग होतो. आणि ज्या जागेसाठी १९८० पासून रणकंदन चाललंय, तिथल्या जमिनीचा जानेवारी २०२५ मध्ये लिलाव झाला तेव्हा एकही बोली आली नाही, हे तर मुळीच नको. श्रीखंडासाठी भोकाड पसरलेलं पोर, वाटी पुढे केल्यावर भूक नाही म्हणालं. लगेच अटींना नावं ठेवायची: वाटी लहान होती.

डेमोक्रॅट व्हायचं असेल तर चेहरा थोडा चिंताक्रांत ठेवावा लागतो. पृथ्वी तापतेय म्हणायचं आणि त्याच दमात सरकारच्या राखीव तेलसाठ्यातून १८ कोटी पिंपं सोडल्याबद्दल स्वतःचं कौतुक करायचं. दोन वाक्यांच्या मध्ये समोसा घ्या, विसंगती जाणवत नाही. ओबामांनी २००८ मध्ये गॅस वाचवायला टायरमध्ये हवा नीट भरा म्हटलं, तर विरोधकांनी हवा मोजायच्या कांड्या वाटून खिल्ली उडवली. सल्ला बरोबर होता, म्हणूनच हसू आलं असावं. पुढे एप्रिल २०१० च्या सुरुवातीला याच ओबामांनी समुद्रातल्या हल्लीच्या तेलफलाटांतून सहसा गळती होत नाही असं सांगितलं. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा तेलफलाट पेटला. अकरा कामगार गेले, तेल ८७ दिवस वाहत होतं. इथे मलाही विनोद सुचत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी टाळायची. २०२३ मध्ये अमेरिकेने दिवसाला सरासरी १ कोटी २९ लाख पिंपं तेल काढलं. इतकं तेल जगात कुठल्याच देशाने कधी काढलेलं नव्हतं, आणि तेही बायडेनच्या राज्यात. डेमोक्रॅटांना सांगायची लाज, रिपब्लिकनांना मानायची चोरी. बिचारा विक्रम अनाथ आहे.

रात्री अकराला पॉटलक संपलं की निरोप घ्या. निरोप म्हणजे आपला, मराठी: आधी सोफ्यावर, मग चपलांपाशी, मग गाडीच्या खिडकीत. आठ जणांच्या गाडीत तुम्ही एकटे, बाहेर थंडी, हीटर लावलेला. तो अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही. खिडकीत वाकलेले जोशीकाका तुम्हाला बारा मैलांवरचा एक पंप सांगत असतात, तिथे गॅलनला चार सेंट कमी पडतात.