रॅम पास झाली, पीसी मात्र बंद पडतोच: एका प्रतिक्रियेला उत्तर

खरं तर प्रतिक्रियेखालीच चार ओळी लिहून विषय मिटवणार होतो. दोनदा लिहिल्या, दोनदा खोडल्या. चार ओळींत मावणारं नव्हतं आणि मनाला लागलंही होतं, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरी जोडलेला पीसी मध्येच बंद पडत असेल, ब्लू स्क्रीन येत असेल, तर आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा आणि दोन आठवडे तसाच वापरून बघा, असं मी मागच्या लेखात सांगितलं होतं. त्यावर 'एक जाणकार' या नावाने प्रतिक्रिया आली (त्यातलं मेमटेस्ट म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम): 'मेमटेस्टचे चार फेरे पास झाले की रॅमचा विषय संपला. एक्सएमपी बंद करा म्हणजे पाय दुखतोय तर चालूच नका, असला सल्ला. अर्धवट माहितीवर नवशिक्यांना घाबरवणं बंद करा.' पुढे मेगाहर्ट्झचा शब्द चुकल्याचं, पॉवर सप्लायवर एक ओळ नसल्याचं, बायोसचे फोटो जुने असल्याचं आणि लेख लांबल्याचं लिहिलंय. आणि शेवटी, त्यांच्या स्वतःच्या पीसीवर एक्सएमपी दोन वर्षं चालू आहे, 'आठवड्यातून एखादा हँग सोडला तर' काही त्रास नाही, आणि तो हँगही ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे होतो.

आधी माझी चूक. डीडीआर४-३२०० या रॅमला मी '३२०० मेगाहर्ट्झ' लिहिलं होतं. घड्याळ असतं १६०० मेगाहर्ट्झचं, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ३२०० हा आकडा मेगाट्रान्सफरचा. तुमचं बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता 'अर्धवट माहिती'. माझा मुद्दा चुकीचा वाटत असेल तर चुकीचा म्हणा, कुठे चुकलं ते दाखवा, मी ऐकून घेईन. पण सुरुवातच माणसाची लायकी काढण्यापासून का? मी पहिला पीसी जोडला २००८ साली. तेव्हापासून स्वतःचे, नातेवाइकांचे, मित्रांचे मिळून तीसेक तरी जोडले असतील, आणि जोडले त्याहून जास्त दुरुस्त केले. रात्री अकरा वाजता 'दादा, प्रोजेक्टची फाइल उघडत नाहीये' असा मेसेज येतो तेव्हा उत्तर मी देतो. ज्या नवशिक्यांना मी घाबरवतो असं तुम्ही म्हणता, तीच ही मुलं. त्यांच्याशी कसं बोलायचं हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. हे जरा तिखट झालं, पण तुमच्या ओळीही काही गोड नव्हत्या.

असो. 'मेमटेस्टचे चार फेरे पास झाले की रॅमचा विषय संपला.' हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, आणि एकदा स्वतः मनाशी म्हणून पुढचे सात महिने भोगलंय.

माझ्या आधीच्या पीसीत डीडीआर४ रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) होत्या, ३६०० च्या. वर्षभराने तशाच आणखी दोन घेतल्या. कंपनी तीच, मॉडेल तेच, खोक्यावरचे आकडेही तेच. चारही स्लॉट भरले, एक्सएमपी चालूच होतं, पीसी सुरू झाला. मेमटेस्ट रात्रभर लावलं, सकाळी चार फेरे पूर्ण, एकही एरर नाही. म्हटलं झालं. मग आठ-दहा दिवसांतून एकदा गेम आपोआप बंद पडायला लागला. कधी ब्राउझरचा टॅब मरायचा, कधी ब्लू स्क्रीन यायची, आणि तीवर प्रत्येक वेळी वेगळं कारण: एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा नुसताच रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१. त्या ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का झालं ते त्यात नसतं. मी मात्र ते बघून विंडोज नव्याने टाकलं, ग्राफिक्सचे ड्रायव्हर तीनदा बदलले, एसएसडी बदलली. रॅमकडे वळून पाहिलं नाही, कारण ती 'पास' झाली होती.

शेवटी पकडलं ते एका पत्राने. आजोबांची जुनी पत्रं मी स्कॅन करून ठेवली होती, तीनशेच्या वर पानं. ती नव्या डिस्कवर कॉपी केल्यावर एक पान उघडलं तर वरच्या सात ओळी नीट, आणि तिथून खाली सगळं पान हिरवट, अक्षरं डावीकडे सरकलेली. मूळ डिस्कवरची फाइल ठीक होती. दोन्ही फाइल शेजारी ठेवून बाइट-बाइट ताडून पाहिल्या. अख्ख्या फाइलमध्ये एकच जागा वेगळी होती: हेक्समध्ये ४१ हवं तिथे ४५ होतं. एका बिटाचा फरक. जेपेग फाइल अशीच असते, मधला एक बिट उलटला की पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाऊ शकतं. कॉपी करताना डेटा रॅममधून जातो आणि तिथेच तो बिट उलटला होता. ना एरर, ना ब्लू स्क्रीन. विंडोजने 'कॉपी पूर्ण' म्हणून सांगितलं होतं.

त्या रात्री एक्सएमपी बंद केलं. तीन आठवडे पीसी एकदाही पडला नाही. मग एकेक स्टिक वेगळी लावून एक्सएमपी चालू केलं: चारही व्यवस्थित. दोन-दोनच्या जोड्या लावल्या: दोन्ही व्यवस्थित. चारही एकत्र लावून एक्सएमपी चालू केलं, की चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणजे जाणकार साहेब, तुमचं वाक्य अर्ध्यापुरतं खरं आहे. माझी एकही स्टिक खराब नव्हती, मेमटेस्ट खोटं बोललं नव्हतं, आणि तरीही दोष मेमरीचाच होता. मेमरी म्हणजे नुसती हिरवी पट्टी नव्हे. पट्टी, स्लॉट, मदरबोर्डवरच्या रेषा, प्रोसेसरच्या पोटातला मेमरी कंट्रोलर, व्होल्टेज, वेग आणि उष्णता, हे सगळं मिळून मेमरी चालते. स्टिक चांगली आहे म्हणून त्या वेगाला ही सगळी साखळी चांगली आहे, असं होत नाही.

कंपन्याही हेच सांगतात. एएमडीने रायझन ७००० साठी दोन स्टिकना डीडीआर५-५२०० चा अधिकृत वेग दिला आणि चार स्टिकना फक्त ३६०० चा. तेच प्रोसेसर, तीच रॅम, दोन स्लॉट जास्त भरले की १६०० कमी. खोक्यावर ६००० छापलेलं असतं ते त्या किटचं वचन असतं, तुमच्या प्रोसेसरमधल्या कंट्रोलरचं नाही. डीडीआर४ चा प्रमाणित व्होल्टेज १.२, आणि एक्सएमपी लावलं की बहुतेक किट १.३५ वर जातात. इंटेल एक्सएमपीला आणि एएमडी एक्स्पोला (त्यांच्या तशाच सेटिंगला) ओव्हरक्लॉकिंगच म्हणतं, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. मी काही वावगं सांगत नाहीये.

आणि मेमटेस्ट रात्री का पास झालं? कारण ते पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं. तेव्हा ग्राफिक्स कार्ड बसून असतं, कॅबिनेट थंड असतं. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून बिटांची प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी पुन्हा भरावी लागते. त्यासाठी डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांना रिफ्रेशची आज्ञा जाते. चिप तापली की गळती वाढते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करावं, असं प्रमाणातच लिहिलेलं आहे. घट्ट टायमिंग लावलेल्या स्टिकना त्याच्या खूप आधीच जड जाऊ शकतं. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट रॅमवर येते. माझ्या कॅबिनेटची बाजू उघडून, एक तास गेम चालवून रॅमच्या हीटस्प्रेडरला (वरच्या धातूच्या पत्र्याला) बोट लावलं, तर दोन सेकंदही ठेवता आलं नाही. मेमटेस्ट ज्या रॅमला तपासत होतं ती थंडगार रॅम, आणि क्रॅश व्हायची ती ही.

म्हणून माझा लेखातला सल्ला जसाच्या तसा उभा आहे. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आली तर दोष नक्की. एकही आली नाही, तर फक्त तेवढ्या वेळात, त्या परिस्थितीत आली नाही, एवढंच कळलं. एक्सएमपी बंद करणं म्हणजे 'चालूच नका' सांगणं नाही. डॉक्टर ढोपर दाबून 'इथे दुखतं का' विचारतात, तसा तो प्रश्न आहे. दोन आठवडे शांत गेले तर दुखणं कुठे आहे ते कळलं. मग वेग एक पायरी खाली आणा, दोनच स्टिक ठेवा, त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघा (बहुतेक चार स्लॉटवाल्या बोर्डांना तेच हवे असतात), बायोस अपडेट करा, कूलरचे स्क्रू एकाच बाजूने जास्त आवळलेले नाहीत ना ते पाहा. एक्सएमपी बंद करूनही पडलाच, तर रॅमचा वेग निर्दोष सुटला, दुसरीकडे शोधा. यात घाबरवण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

पॉवर सप्लायवर लिहिलं नाही, कारण लेख मेमरीचा होता. फोटो जुने आहेत. मेनूची नावं बदलली तरी काम तेच आहे. लेख लांब आहे, तो लांबच राहील.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो. खरं सांगायचं तर तिच्यामुळेच मी एवढं लिहायला बसलो. 'आठवड्यातून एखादा हँग सोडला तर.' तो का सोडायचा? ड्रायव्हरचं नाव स्क्रीनवर आलं म्हणून ड्रायव्हर दोषी ठरत नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणून बंद पडत होते. लोक ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरच्या मागे लागले होते, आणि २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की गडबड प्रोसेसरच्या व्होल्टेजमध्ये आहे. त्यासाठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामच्या) दुरुस्त्या काढाव्या लागल्या. स्क्रीनवर येतं ते जिथे ठेच लागली तिथलं नाव, धोंडा कुणी ठेवला त्याचं नाही.

तुमच्या पीसीत चार स्टिक आहेत की दोन, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन वर्षांत दर आठवड्याला एक हँग म्हणजे शंभरेक वेळा काहीतरी चुकलंय. हँग झाला ते तुम्हाला दिसलं. न दिसता किती फाइलींवरून हात फिरला असेल, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. माझ्यावरचा राग तसाच ठेवा, पण आज एक्सएमपी बंद करा. मोठं फोल्डर एका डिस्कवरून दुसरीकडे कॉपी करा आणि दोन्हीकडचे हॅश (फाइलमधल्या डेटावरून काढलेला तिचा ठसा) जुळतात का बघा. आणि हे होईपर्यंत बॅकअपची डिस्क काढून ठेवा, तिच्यावर काही नवं लिहू नका. माझं ते पत्र बचावलं, कारण मूळ प्रत मी अजून पुसलेली नव्हती.