‘कॉपी-पेस्ट पुरे की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गायकांच्या नावाने फोल्डर असले की झालं, टॅग (फाइलीच्या आतच लिहिलेली गायक, राग अशी माहिती) भरत बसणं हा रिकामटेकडा उद्योग. दर दिवाळीला गाण्यांचा ४०० जीबीचा साठा दुसऱ्या हार्डडिस्कवर जुन्याच्या जागी कॉपी-पेस्ट केला की बॅकअप झाला. वर गूगल ड्राइव्हचं सिंक चालूच आहे, मग सांगलीबाहेर तिसरी प्रत ठेवायचा हट्ट कशाला?

फोल्डरबद्दल भांडण नाही. प्लेअर येतात-जातात, नीट लावलेले फोल्डर टिकतात. पण तुमच्याकडे किराणा घराण्याच्या बैठका आणि नाट्यपदं आहेत, आणि नेमकी तिथेच फोल्डरची अडचण होते. एका पदाला गायक असतो, नाटक असतं, चाल देणारा असतो, राग असतो. फाइल मात्र एकाच फोल्डरात बसते. साठ्यातले सगळे भीमपलास एका जागी ऐकायचे तर ‘राग’ नावाचं वेगळं फील्ड हवंच. एमपी३टॅग या टॅग भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तयार करता येतं, फ्लॅकला (आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल) आणि एमपी३लाही. संगीतसभेच्या ध्वनिमुद्रणात ‘आल्बम आर्टिस्ट’ रिकामं सोडलंत तर बरेचसे प्लेअर दहा गायकांचे दहा आल्बम करून ठेवतात. सगळीकडे ‘विविध कलाकार’ भरा, एकच आल्बम दिसेल.

‘शोधलं की सापडतंच’ हे मराठीत दर वेळी खरं नसतं. ‘साऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह, किंवा थेट नुक्त्याचा ऱ आणि हलंत. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण बऱ्याच प्लेअरच्या शोधाला आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी नावं वाटतात. दुसरा प्रकार कायम करा आणि एमपी३टॅगमधल्या ‘रिप्लेस’ने जुने टॅग व फाइलींची नावं एका झटक्यात सुधारा. नावं आखूडही ठेवा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. बंदिशीची ओळ, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सगळं नावात कोंबलेली फाइल विंडोज मुकाट्याने घेतं आणि घरचा नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी, बहुधा लिनक्सवर चालणारी) नाकारतो. क्रमांक, राग, गायक नावात पुरे, बाकीचं टॅगमध्ये.

आता मुख्य मुद्दा. जुन्यावर नवं टाकताना ‘रिप्लेस’ दाबलंत की विंडोज आतला आवाज शाबूत आहे का ते बघत नाही. वर्षभरात मूळ डिस्कवर एखादी फाइल खराब झाली असेल, तर दिवाळीच्या मुहूर्तावर तीच खराब फाइल चांगल्या प्रतीवर जाऊन बसते. शिवाय फोल्डरचं नाव बदललं असेल तर जुनं नाव तिकडे तसंच राहतं आणि तोच आल्बम दोनदा होतो. हे टाळायला मिरर केलंत, म्हणजे दुसरी डिस्क मूळ डिस्कसारखी हुबेहूब ठेवलीत, तर चुकून पुसलेलं तिकडूनही पुसलं जातं. सिंकचा स्वभावही तोच. ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते, आणि फुकट जागा १५ जीबी. तुमच्या ४०० जीबींतलं तिथे नेमकं काय चढलंय ते एकदा बघाच.

त्यापेक्षा फ्रीफाइलसिंक हे प्रती घेणारं सॉफ्टवेअर वापरा आणि त्यात ‘व्हर्जनिंग’ चालू करा. बदललेली किंवा पुसलेली फाइल तारीख-वेळेसह वेगळ्या फोल्डरात जाते, जुनी प्रत हाताशी राहते. त्याआधी साठा तपासा. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ आकडा (आवाजाच्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) साधारणपणे लिहिलेला असतो. फूबार२००० या प्लेअरचा इंटिग्रिटी व्हेरिफायर तो ताडून बिघडलेल्या फाइली दाखवतो. एमपी३त अशी सोय नाही, म्हणून चेकसमची (अख्ख्या फाइलवरून काढलेल्या तशाच आकड्यांची) यादी स्वतः करावी लागते. टॅगिंग पूर्ण झाल्यावरच करा. एक अक्षर बदललं तरी फाइलचा चेकसम बदलतो.

तिसऱ्या प्रतीबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगायला नको खरं तर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. गावभागातल्या तळमजल्यावर एकाच कपाटात ठेवलेल्या दोन डिस्क एकदमच भिजणार. तुमच्या वेळापत्रकातही खोट आहे: पूर येतो जुलै-ऑगस्टला, तोवर दिवाळीची प्रत आठ-नऊ महिने जुनी झालेली असते. मेअखेरीस एक फेरी कराच, आणि ती डिस्क आटपाडी-जतकडच्या पाहुण्यांकडे ठेवा. (टँकरची वाट बघणाऱ्या गावात डिस्क तरी कोरडी राहील.)

कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी नको. वीज न मिळता बराच काळ गेला तर त्यातला डेटा उडू शकतो. १ टीबीची साधी पोर्टेबल हार्डडिस्क घ्या. विंडोजच वापरत असाल तर ती एक्सफॅटऐवजी एनटीएफएसवर (डिस्कवर फाइली मांडायच्या या दोन पद्धती) फॉरमॅट करा, म्हणजे केबल मध्येच निघाली तरी फाइलसिस्टिम सावरायची शक्यता जास्त. प्लेलिस्ट एम३यू८मध्ये (मराठी नावं सांभाळणारा प्लेलिस्ट-फाइलचा प्रकार) आणि सापेक्ष, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर नसलेल्या पत्त्यांनी साठवा, नाहीतर ड्राइव्हचं अक्षर डीचं ई झालं की सगळ्या मुक्या. रेटिंग बहुधा प्लेअरच्या डेटाबेसमध्ये असतं, त्याचीही प्रत घ्या.

शेवटी विचारलंत, कॅसेटवरून उतरवलेलं वेव्हमध्येच (न दाबलेल्या फाइलीत) ठेवावं का? नको. वेव्हमध्ये टॅगची व्यवस्था धड नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. फ्लॅकमध्ये ते कमी होतं, फक्त टेपची खरखर फारशी दाबली जात नाही, म्हणून निम्म्याची आशा धरू नका. रूपांतर करताना ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा, आणि दोन्ही बॅकअप डिस्कवर फ्लॅक पोचल्यावरच वेव्ह पुसा.